खिडकीतले दादा

“आधी तो बूट काढ पायातला,” छबूकाकी दारातूनच म्हणाली. “सायेब कोपऱ्यावर आलाय. पानाच्या टपरीवर तुमच्याच घराचा पत्ता इचारत हुता.”

मी खिडकीपाशी दादांची कॉलर सारखी करत होते. हात तसाच राहिला.

“कशाला काढू, काकी?”

“आगं खुळी का काय तू! त्या लोखंडी सळ्या घालून तरातरा चालताना त्येनं बगितलं, तर म्हनंल ही चांगली हिंडतिया फिरतिया. पेन्शन बंद करंल की. मागच्या टायमाला मी काय शिकवलं हुतं तुला?”

मागच्या वेळी म्हणजे माझ्या अपंगाच्या पेन्शनची चौकशी झाली तेव्हा. मला लहानपणी पोलिओ झाला. डावा पाय कमरेपासून वाळलेला, त्यात जीव नाही. पेन्शन मिळायला खरं तर तेवढं पुरेसं होतं, पण आमच्या बोळाचं खऱ्यावर भागत नाही. समोरच्या घरातल्या छबूकाकीनं तेव्हा सगळ्या बायकांना पढवून ठेवलं होतं. मला कॉटवर बसवून गुडघ्यांवर चादर टाकली होती. चौकशीचा माणूस तोंड उघडतोय तोवर एकीनं सांगितलं, हिला साधा तांब्या उचलत नाही. दुसरीनं सांगितलं, हिचं धुणं आम्ही पाळीपाळीनं धुतो. त्या बाईनं जन्मात माझा रुमाल धुतलेला नव्हता. पेन्शन मंजूर झालं आणि बोळात पेढे वाटले ते काकीनंच. तिचं मन सोन्याचं, तोंड मात्र भोंग्याचं.

आताही तिनं मला कॉटवर बसवलं, खाली वाकून स्वतःच्या हातानं माझ्या बुटाचे पट्टे सोडले, बूट कॉटखाली लांब सारला आणि माझ्या मांडीवर चादर टाकली.

“तू निस्ती मान खाली घालून बस,” ती म्हणाली. “बोलायचं काम माजं.”

मी बसले. कारण त्या दिवशी येणारा साहेब माझ्या पेन्शनसाठी येतच नव्हता, तो दादांसाठी येत होता, आणि हे बोळात कुणालाही सांगायची मला बंदी होती. बंदी दादांनी घातलेली आणि दादा तिथंच, दोन हातांच्या अंतरावर, खिडकीत बसलेले. काकीला काय सांगणार?

दादा म्हणजे माझे वडील, हिंदुराव मोकाशी, आमच्या तालुक्याच्या एस.टी. स्टँडवरचे कंट्रोलर. उभा तालुका त्यांना आवाजावरून ओळखायचा. रिटायर झाल्यावर काही वर्षांनी त्यांना अर्धांगाचा झटका आला आणि उजवी बाजू गेली. झटका आला हे बोळाला माहीत होतं, पण बाकीचं दादांनी सांगितलं तेवढंच. “पाय जरा आखडलाय,” असं ते सांगत. दूधवाला यायच्या आधी दादा दाढी करून, आंघोळ करून, इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून खिडकीतल्या खुर्चीत बसलेले असत. खिडकीच्या गजाला बाहेरून दिसेल अशी काठी अडकवलेली असे. ती काठी त्यांनी कधी हातात धरली नव्हती. येणारे जाणारे रामराम घालत, दादा डावा हात वर करत. संध्याकाळी त्यांचे जुने दोस्त, एस.टी.तले ड्रायव्हर महिपतीअण्णा बाहेरच्या कट्ट्यावर येऊन बसत आणि गजांतून दोघांच्या गप्पा चालत. अण्णा कधी आत आले नाहीत. दादांनी कधी बोलावलं नाही.

खिडकीच्या वरचे दादा बोळाचे होते. खिडकीच्या खालचे दादा माझे. वर इस्त्रीचा शर्ट आणि खाली जुनी लुंगी, तिच्याखाली रबरी कापड. त्यांना कॉटवरून खाली घेणं, मोरीत नेणं, धुणं, पुसणं, परत खुर्चीत बसवणं, सगळं मीच करत होते. आई आधीच गेली होती. स्टँडरोडच्या टेलरकडं मी पिको-फॉलला जायची ते सोडून दिलं, कारण दादांना तासभरसुद्धा एकटं ठेवता येईना. दादांचं पेन्शन औषधाच्या दुकानातून घरापर्यंत पोचत नसे. मग पुण्याहून माझा भाऊ संभाजी आला आणि सरळ म्हणाला, “हडपसरला एक ठिकाण आहे. अशा माणसांना ठेवून घेतात. संक्रांत झाली की गाडी घेऊन येतो. तू आमच्याकडे चल. तू काय दादांना बघणार शालन, तुलाच कुणीतरी बघायला पाहिजे.”

दादा समोरच होते. ते खिडकीबाहेर बघत राहिले. संभाजी गेल्यावर म्हणाले, “मला तिथं पाठवू नको.” दादांनी जन्मात कुणाकडं काही मागितलं असेल तर ते एवढंच.

त्याच हिवाळ्यात आमच्या नगरपालिकेनं एक भत्ता सुरू केला. घरातल्या पूर्ण परावलंबी माणसाला सांभाळणारा जो असेल, त्याला. लोक त्याला सांभाळभत्ता म्हणू लागले. तो मिळाला असता तर माझं पेन्शन आणि हा भत्ता मिळून घर चाललं असतं आणि संभाजीला बोलायला जागा उरली नसती. मी नगरपालिकेत गेले. तिथल्या निकमसाहेबांनी माझ्या पायाकडं बघितलं, अर्जाकडं बघितलं.

“तुम्ही स्वतः अपंगाचं पेन्शन घेता?”

“हो.”

“आणि सांभाळणाऱ्याही तुम्हीच?”

“हो.”

“दोन्ही घ्यायला नियमाची आडकाठी नाही,” ते म्हणाले. “अपंग माणसानं दुसऱ्याला सांभाळू नये असं कुठं लिहिलेलं नाही. पण उद्या कुणी विचारलं, हिला जमतं कसं, तर मला उत्तर पाहिजे. घरी येऊन बघीन. शेजारचे दोन पंच घेईन, त्यांच्यासमोर.”

पंचांचं मी दादांना सांगितलं नाही. वाटलं, आयत्या वेळी साहेबांच्या हातापाया पडू, लांबच्या आळीतले पंच घ्या म्हणू. दादांनी एका अटीवर अंगठा दिला होता, बोळात कुणाला कळता कामा नये.

आणि आता निकमसाहेब दारात उभे होते आणि त्यांच्याबरोबर महिपतीअण्णा. “हे पानाच्या टपरीवर भेटले,” साहेब म्हणाले, “म्हटलं शेजारीच आहात तर चला. अजून एक जण लागेल.”

“मी हाय की!” काकीनं पदर खोचला.

मी म्हटलं, “साहेब, जरा बाहेर येता? दोन शब्द बोलायचेत.” म्हटलं खरं, पण उठू कशी? बूट कॉटखाली भिंतीला लागलेला. भिंत धरून लंगडी घालत जावं लागलं असतं. काकीनं माझा खांदा दाबून मला खाली बसवलं आणि साहेबांना म्हणाली, “बगा, बाहेर येता म्हनतीया! पोरीला उभं ऱ्हाता येत न्हाई, पन अब्रूदार लई.”

साहेबांनी मांडीवर पॅड घेतलं. “यांना किती वर्षं ओळखता?”

“जल्मापासनं. माज्या फुडं रांगलीया ही. तशीच ऱ्हायली बिचारी.”

“घरातलं काम कोण करतं?”

“आमी करतो की. सगळा बोळ करतो. कुनी पानी भरतंय, कुनी भाकरी टाकतंय. हिला तांब्या उचलंना, सायेब. हितनं तितं जायाचं तर मानूस लागतंय.”

साहेबांनी लिहिता लिहिता माझ्याकडं बघितलं. मी चादरीकडं बघत होते. त्या चादरीवर मोठी मोठी गुलाबाची फुलं होती, ती मला अजून दिसतात. खरं बोलले तर काकी बोळभर खोटी पडते आणि माझं पेन्शन खोटं ठरतं. गप्प बसले तर भत्ता जातो आणि दादा हडपसरला. त्यात आणखी ज्या माणसाचं मी रोज सगळं करते त्याच्या देखत मला कुणी तांब्यासुद्धा न उचलणारी म्हणत होतं आणि तो माणूस ऐकून घेत होता. मला इतकी लाज वाटत होती की कान गरम झाले होते.

“अण्णा, तुमचं काय म्हणणं?”

महिपतीअण्णा साधा माणूस. त्यांनाही वाटलं, आपण मागं राहायला नको. “पोरगी लई लाचार हाय, सायेब,” ते म्हणाले. “दया येती बगून.”

“आणि हिंदुराव? त्यांची तब्येत?”

“त्यास्नी काय झालंय?” काकी म्हणाली. “खुटखुटीत हायती. उलट त्येच पोरीला बगत्यात म्हना की. सकाळच्या पारी बगा, आंगूळ करून, पांडरीशिप्पट कापडं घालून बसल्याली असत्यात.”

“मला काय धाड भरलीय!” दादा खिडकीतून म्हणाले. आवाज जरासा ओढल्यासारखा यायचा, पण अजून खणखणीत होता.

साहेबांनी पेन खाली ठेवलं आणि चष्मा काढला. “काकी,” ते म्हणाले, “ही चौकशी हिच्या पेन्शनची नाही.”

“मंग कशाची?”

“हिनं अर्ज दिलाय की वडील जागचे हलू शकत नाहीत आणि त्यांचं सगळं ही एकटी करते. उठवणं, आंघोळ, संडास, लघवी. तुम्ही दोघं पंच सांगता, हिला तांब्या उचलत नाही आणि ते खुटखुटीत आहेत. मग एक काहीतरी खोटं आहे. भत्त्याचं खोटं असेल तर मी नामंजूर लिहून जातो. आणि पेन्शनचं खोटं असेल...”

काकीच्या तोंडचं पाणी पळालं. तिनं माझ्याकडं बघितलं, खिडकीकडं बघितलं, परत माझ्याकडं.

“शाले, खरं हाय व्हय हे?”

“दादा,” मी म्हटलं, “सांगा तुम्ही.”

“काय सांगू? मी चालतो.”

“दादा.”

“चालतो म्हणलं ना! ती काठी काय शोभंला लावलीय?”

मला राग आला. इतका की वाटलं, जाऊ दे, लिहा साहेब नामंजूर, येऊ दे संभाजीची गाडी. मग माझं लक्ष दादांच्या डाव्या हाताकडं गेलं. अंगठा खुर्चीच्या हातावर घासत होता, पुढं मागं, पुढं मागं. त्याचा अर्थ जगात मला एकटीलाच ठाऊक होता. तोंडानं मागायची लाज वाटते म्हणून आम्ही दोघांनी ठरवलेली ती खूण होती. साहेबांना यायला उशीर झाला होता, ते येतील येतील म्हणून मी दादांना खिडकीतून हलवलं नव्हतं आणि मग काकीच येऊन बसली होती.

“साहेब, जरा सगळे बाहेर बसता? दादांना आत न्यायचंय.”

साहेबांना कळलं. ते काही दुष्ट माणूस नव्हते. हळूच म्हणाले, “बाई, मी तेच बघायला आलोय. मोरीच्या दारापर्यंत बघतो, पुढचं नाही. नाहीतर काय लिहू मी, तुम्हीच सांगा.”

अंगठा जोरात घासू लागला. दादांच्या कपाळावर घाम आला होता. महिपतीअण्णा उठले. “मी धरतो की. हिंदुराव, द्या हात.”

“बस खाली!” दादा ओरडले. स्टँडवर रांग मोडणाऱ्यांवर ओरडत तसे. अण्णा मटकन खाली बसले.

मी दादांकडं बघत राहिले. मला एकटीला ते जमण्यासारखं नव्हतंच. त्यांनी गज धरून अंग सैल सोडल्याशिवाय त्यांना खाली घेता येत नाही. ठरवायचं त्यांनी होतं. त्यांनी एकदा बोळाकडं बघितलं. बाहेर कुणीतरी सायकलवरून जाताना “रामराम, कंट्रोलरसाहेब” म्हणालं. दादांनी हात वर केला नाही. डोळे मिटले.

“शालन,” ते म्हणाले, “गोधडी घे.”

मी चादर बाजूला केली आणि कॉटवरून सरळ जमिनीवर उतरले. काकीला वाटलं होतं, बूट काढला की मी दुबळी दिसेन. बूट हा बोळात उभं राहायला. घरात काम करायचं तर तो काढावाच लागतो, कारण सळ्यांनी गुडघा वाकत नाही आणि माझं सगळं काम जमिनीवरचं. दादांना उचलायची ताकद माझ्यात कधीच नव्हती. ते उभे राहू शकत नाहीत, मी त्यांना उभं करू शकत नाही, म्हणून आम्ही दोघं खाली जातो. ही आमची रीत आम्हीच शोधून काढलेली. कुणी शिकवली नव्हती आणि कुणी बघितलेली नव्हती.

मी बसल्या बसल्या हातांवर सरकत खुर्चीपाशी गेले. खुर्चीच्या पुढ्यात बुटकं स्टूल लावलं, स्टुलाच्या पुढ्यात गादीची घडी, घडीच्या पुढं गोधडी अंथरली. दादांनी डाव्या हातानं गज धरला. मी त्यांच्या कमरेला माझा खांदा लावला आणि ते खुर्चीतून स्टुलावर आले, स्टुलावरून गादीवर, गादीवरून गोधडीवर. उजवा पाय मागं राहिला होता, तो मी उचलून आणला. लुंगी वर सरकली आणि ती वाळलेली मांडी सगळ्यांना दिसली. आमच्या दोघांच्या मांड्या सारख्याच दिसत होत्या. छबूकाकीच्या तोंडून “आगं आई” एवढंच निघालं.

ती पुढं आली. तिला लुंगी सारखी करायची होती.

“हात लावू नको, छबू,” दादा डोळे न उघडता म्हणाले. “तिला ठावं हाय कसं करायचं.”

मी गोधडीची दोन टोकं मनगटांना गुंडाळली. चांगला पाय फरशीवर रोवायचा, कमरेनं मागं सरकायचं आणि गोधडी ओढायची. परत पाय रोवायचा. मी मागं मागं जाते आणि दादा आडवे माझ्याकडं येतात. एरवी आम्ही यावर हसायचोसुद्धा. दादा म्हणायचे, “गाडी मोरीकडं निघाली, मागं पाहून घ्या.” त्या दिवशी फक्त फरशीवर गोधडी घासल्याचा आवाज येत होता. वर इस्त्रीचा शर्ट घातलेला, उभ्या तालुक्याला उभं राहून गाड्या सांगणारा माझा बाप त्याच्या दोस्ताच्या पायांजवळून फरफटत चालला होता आणि ओढणारी मी होते. महिपतीअण्णांनी भिंतीकडं तोंड केलं. साहेबांनी मात्र बघितलं, त्यांचं ते कामच होतं, पण त्यांचं पेन हलत नव्हतं.

मोरीच्या उंबऱ्याशी पोचायच्या आधीच गोधडी ओली झाली.

मला ते हाताला आधी कळलं. मग फरशीवरून ओघळ दिसला, साहेबांच्या चपलेकडं निघालेला. त्यांनी पाय मागं घेतला. मला वाटलं, आता दादा रडतील किंवा मला शिव्या देतील. मी त्यांच्या तोंडाकडं बघायला तयार नव्हते.

“सायेब,” दादा खालूनच म्हणाले. “लिहून घ्या.”

“असू द्या, हिंदुराव. कळलं मला.”

“नाही, लिहून घ्या. हे रोजचं हाय. दोन वर्षं ही असंच करती. मी चालत नाही.” त्यांना दम लागला होता. “आणि हिला पाय नाही, हे ही बाई म्हनती तेही खरं. थोडं वाढवून सांगितलं तिनं, पण पाय नाही. दोन्ही खरं लिहा.”

मी त्यांना उंबऱ्यावरून आत घेतलं आणि दार लावलं. पाणी कोमट करायला वेळ नव्हता. गार पाण्यानंच धुतलं. बाहेर बादलीचा आवाज येत होता. बऱ्याच वेळानं मी दार उघडलं तर फरशी स्वच्छ पुसलेली होती, गोधडी नव्हती आणि काकीही नव्हती. ती गोधडी तिनं आपल्या दारात दोरीवर वाळत घातली होती. आयुष्यात पहिल्यांदा तिनं माझं काही धुतलं.

साहेब दारात थांबले होते. “पंचांच्या सह्या झाल्या,” ते म्हणाले. “दोन्ही चालू राहील. पेन्शनही आणि भत्ताही. काळजी करू नका.” मग जरा घुटमळले आणि म्हणाले, “माझी आई अशीच होती. पण आम्ही तिघं भाऊ होतो आणि तिघांनाही जमलं नाही.” एवढं बोलून ते गेले.

खरं म्हणजे मी आनंदानं नाचायला हवं होतं, हो, माझ्या परीनं. संभाजीला त्याच दिवशी फोन करून सांगितलं, गाडी आणू नको. तो “बरं” म्हणाला. पण घरात सुतक असल्यासारखं झालं होतं. दादा जेवले नाहीत. संध्याकाळी महिपतीअण्णा कट्ट्यावर आले नाहीत. छबूकाकीच्या घरातून तिचा आवाज येईना, तेव्हा तर मला फारच ओशाळं वाटलं. तिनं काय वाईट केलं होतं? मला वाचवायलाच आली होती बिचारी.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी नेहमीसारखी दादांची दाढी केली, आंघोळ घातली, इस्त्रीचा शर्ट काढला. दादांनी शर्टाकडं बघून मान हलवली.

“खिडकीत नको,” ते म्हणाले.

“का?”

“मला आतच ठेव. बाहेरून कुणाला दिसायला नको.”

मी शर्ट हातात घेऊन बसून राहिले. ते शब्द मला पाठ होते. दादांना वाटत असेल, ते पहिल्यांदाच असं काही बोलत आहेत. पण हे वाक्य आमच्या घरात जुनं होतं, फक्त ते माझ्याबद्दल असायचं. डेपोचे साहेब जेवायला यायचे तेव्हा दादा आईला म्हणायचे, “शालनला आत बसव. बाहेरून कुणाला दिसायला नको.” गौरी-गणपतीला पाहुणे आले की तेच. आई मला मधल्या खोलीत ज्वारीच्या कणगीमागं बसवायची, हातात काहीतरी खाऊ द्यायची. संभाजीला मुलगी सांगून आली त्या दिवशीही मी तिथंच होते, आणि तेव्हा मी लहान नव्हते, चांगली जाणती होते. बाहेर मुलीच्या वडिलांनी विचारलं, “आपल्याला मुलं किती?” आणि स्टँडवर ऐकू जाईल अशा त्यांच्या त्या आवाजात दादा म्हणाले, “एकच. मुलगा.”

हे मी कुणाला कधी सांगितलं नव्हतं. आईलासुद्धा नाही. दादा जाऊन आता पुष्कळ वर्षं झाली, तेव्हा आज सांगायला हरकत नाही. त्या सकाळी मात्र ते सांगायचं माझ्या मनातही नव्हतं. मी फक्त त्यांना बरं वाटावं म्हणून काहीतरी बोलायला गेले आणि भलतंच तोंडातून निघून गेलं.

“आत बसून काही होत नाही, दादा,” मी म्हटलं. “मी बसलेय. आतून सगळं ऐकू येतं.”

ते माझ्याकडं बघत राहिले. आधी त्यांना कळलं नाही. मग कळलं. अर्ध्याच चेहऱ्यावर भाव उमटायचा त्यांच्या, दुसरा अर्धा तसाच राहायचा. त्या अर्ध्या चेहऱ्यावर मी काल फरशीवरसुद्धा न दिसलेली लाज बघितली आणि मला वाटलं, उगाच बोलले. म्हाताऱ्या माणसाला आता हे कशाला?

“ऐकलंस तू?” त्यांनी विचारलं. “त्या दिवशी?”

“हो.”

“समदं?”

“हो, दादा.”

दूधवाल्याची घंटा बोळाच्या तोंडाशी वाजली. दादांनी डावा हात पुढं केला. शर्टाच्या बाहीसाठी.

“खिडकीत बसव मला,” ते म्हणाले.

मी त्यांना नेलं, गोधडीशिवाय, नुसत्या चादरीवर. गादी, स्टूल, खुर्ची. कॉलर सारखी केली, केस विंचरले आणि चहा ठेवायला मागं वळले.

“कुठं चाललीस?”

“चहा ठेवते.”

“चहा मागनं. स्टूल घे हिकडं. बस.”

मी त्या खिडकीत कधी बसले नव्हते. तिथून बोळ कसा दिसतो तेसुद्धा मला माहीत नव्हतं. बसल्यावर हातांचं काय करायचं ते कळेना. समोरच्या घरातून छबूकाकी कळशी घेऊन बाहेर पडली. आमच्या खिडकीखालून जाताना एरवी तिचा आवाज आधी यायचा आणि ती नंतर. आज मान खाली घालून, पदर पुढं ओढून, भिंतीच्या कडेकडेनं निघाली होती.

“छबू!” दादांनी हाक मारली.

ती थांबली, पण तिनं मान वर केली नाही. “जी,” एवढंच म्हणाली. रडल्यासारखा आवाज होता.

“आगं वर बघ की,” दादा म्हणाले. “आम्ही दोघं बसलोय हितं. मी आणि माझी पोरगी.”

काकीनं वर बघितलं.